आईच्या पोटातली ठेव

४ फेब्रुवारी

दिलेली वस्तू नंतर कुणाची असते — देणाऱ्याची की घेणाऱ्याची? मला उत्तर येत नाही. पदवी आहे, उत्तर नाही.

आज आईला हॉस्पिटलात दाखल केलं. दाखल करून घेणारा तरुण डॉक्टर मान वर न करता विचारत होता — वय, वजन, किडनी कधी बसवली, कुणाची. आईने माझ्याकडे बोट केलं. "हिची." तो म्हणाला, "म्हणजे लेकीची होती." आई इतकी दमलेली की एका वाक्याला दोन श्वास लागत होते. तरी म्हणाली, "होती नाही. आहे. माझ्याकडे ठेवलीय."

तो हसला. मला हसू आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी डावी किडनी काढून आईच्या पोटात, उजव्या कुशीत बसवली. माझी जखम कधीच भरली. मी जिने चढते, प्रेसमध्ये दिवसभर प्रुफं वाचते, भांडते. आई मात्र तेव्हापासून कुशीवर हात धरून चालते. दारातून आत येताना तिरकी होते. बाबा म्हणतात, "बाजूला व्हा, काचेचं सामान चाललंय!"

आठवडाभर बारीक ताप होता. कोरडा खोकला. काल शिवणाचं मशीन चालवताना धाप लागली आणि शिवण मध्येच थांबली. म्हणे, "मशीन जड झालंय, तेल घाला." बाबांनी तेल घातलं. मशीन पाण्यासारखं चाललं. आईला तरी धाप! मग मी कुणाचं ऐकलं नाही. गाडी बोलावली, आईला आत बसवलं, दार लावलं.

५ फेब्रुवारी

खोली दोन खाटांची, दुसरी मुद्दाम रिकामी ठेवलेली. आत येताना चपला बाहेर, हात धुवायचे, मास्क लावायचा. आईच्या नाकात प्राणवायूची नळी. बोटाला चिमटा, त्याची वायर पडद्याला, पडद्यावर आकडा. आकडा खाली गेला की यंत्र ओरडतं. आई चिमटा बघून म्हणाली, "मला वाळत घातलंय."

छातीचा फोटो काढला. डॉक्टरबाई — ऑपरेशनपासून आईचं सगळं याच बघतात, कायम घाईत, पण बोलायचं असलं की खुर्ची ओढून बसणार — फोटो उजेडाला धरून बघत होत्या. दोन्ही फुप्फुसांवर धुरकट पांढरं. "घशातून नळी घालून आतलं पाणी तपासायला पाठवू."

आई म्हणाली, "आणि किडनी?"

"किडनी ठीक आहे."

आईने डोकं उशीवर टेकलं आणि झोपलीच! जणू फुप्फुसं शेजारणीची होती.

६ फेब्रुवारी

नळी घातली. आईने हूं की चूं केलं नाही. बाहेर बाकावर बाबाच विव्हळत होते.

७ फेब्रुवारी

जंतूचं नाव कळलं. लांबलचक. बाबांना म्हणता येत नाही, मला तिसऱ्या खेपेला आलं. एक बुरशी आहे.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. "ही तुमच्या-माझ्याही फुप्फुसात येऊन जाते. कळत नाही. पण नवी किडनी परकी म्हणून शरीराने हाकलू नये, यासाठी आपण यांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. मग असले जंतू डोकं वर काढतात. संधिसाधू संसर्ग म्हणतात याला."

संधिसाधू! बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे माझा धाकटा भाऊ." काका आयुष्यात दोनदाच घरी आले. दोन्ही वेळा बाबा अंथरुणात होते आणि त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान उघडं होतं. आई हसली, हसता हसता खोकली, खोकता खोकता यंत्र ओरडलं. सिस्टरने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर डॉक्टरबाईंनी मला थांबवलं. "हे होऊ नये म्हणूनच तर रोज एक साधी गोळी दिली होती. ती चालू असताना हा आजार सहसा होत नाही. घेत होत्या ना?"

"रोज," मी म्हणाले. रोज सकाळी आई डबी उघडते, गोळ्या तळहातावर घेते, पाण्याचा घोट घेते. मी समोर बसलेली असते.

८ फेब्रुवारी

अर्धा दिवस प्रेसमध्ये. मोठ्या बाई — आमच्या मुख्य मुद्रितशोधक, इतकी वर्षं चुका काढल्यात की माणसातही त्यांना आधी चूकच दिसते — म्हणाल्या, "आई कशी आहे?" आणि मी तोंड उघडायच्या आत गठ्ठा पुढे सरकवला. शाळेचं विज्ञान. पहिल्याच पानावर: "रोगप्रतिकारशक्ती हे आपल्या शरीराचे शूर सैन्य होय."

मी समासात लिहिलं — 'जीव वाचवायला आलेल्यालाही हे सैन्य शत्रू समजू शकते. एक ओळ घालावी का?'

मोठ्या बाई म्हणाल्या, "आपण शुद्धलेखन बघतो. मतं देत नाही."

"हे मत नाही, बाई. माझ्या आईच्या पोटात आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, ओळ पुन्हा वाचली. म्हणाल्या, "उद्धटच आहेस." पण खोडली नाही!

आमच्या घराण्यात छापलेलं पुस्तक पहिल्यांदा मी वाचलं. आता छापायच्या आधीही मीच वाचते. गप्प बसायला एवढं शिकले नाही.

१० फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार. येऊ दे.

आईचे गाऊन आणायला घरी गेले. सुईदोऱ्यासाठी मशीनचा खण उघडला. बॉबिनी, खडू, बटणं. आई काही टाकत नाही, संपलेली रिळंसुद्धा नाही. मागे रबर लावलेला एक गठ्ठा. गोळ्यांची रिकामी पाकिटं. सगळी एकाच, किडनी टिकवणाऱ्या गोळीची. संपायला हवी होती त्याहून कितीतरी जास्त. आणि त्याखाली दुसरा गठ्ठा. भरलेला. एकही गोळी न फोडलेला. तीच साधी गोळी, जंतूंपासून वाचवणारी.

मी तशीच, गाऊन न घेता, परत.

"आई, हे काय?"

"माझ्या खणात हात कशाला घातलास?"

"हे काय, विचारते!"

आईने नाकातली नळी सारखी केली. मग अगदी शहाण्या माणसासारखं समजावून सांगायला लागली. मला! "अगं, घरी सोडताना सिस्टरनं सांगितलं नव्हतं का — या किडनीसाठी आणि ही एक तुमच्यासाठी. मग किडनीची मी दुपारी एक जास्तीची घेत होते. लेकीची वस्तू. तिला कमी पडायला नको. आणि माझी ठेवून दिली. माझं काय मेलं! उगाच त्या बिचारीवर आणखी एका गोळीचा भार."

बिचारी म्हणजे किडनी!

सकाळी माझ्यासमोर ती गोळी मुठीत राहायची, बाकीच्या तोंडात जायच्या. आणि जास्तीच्या कुठून आणल्या? औषधवाल्याला सांगितलं, गावाला जायचंय, पुढच्या महिन्याच्या आत्ताच द्या. दर महिन्याला गावाला! माझी आई, जी गल्लीच्या टोकापर्यंत जायला सोबत मागते!

मी ओरडले. हॉस्पिटलात ओरडायचं नसतं. ओरडले. "किडनी वेगळी आणि तू वेगळी, हे कुणी शिकवलं तुला?"

"वेगळीच आहे," आई म्हणाली. "ती तुझी आहे."

११ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांतली पाकिटं मोजली. त्यांना वाटलं होतं, फार तर विसरल्या असतील. रक्तात ज्या गोळीचं प्रमाण तपासतात ती आई बरोब्बर घेत होती. जास्तीची होती ती किडनीचीच दुसरी, जी रक्तात मोजत नाहीत. म्हणून कुठे दिसलं नाही.

घरी सोडताना सांगणाऱ्या त्या सिस्टरला बोलावलं. बिचारीचे डोळे भरले. "मी समजायला सोपं जावं म्हणून तसं सांगते सगळ्यांना." तिच्या वाक्यात चूक नव्हती. कानामात्रा बरोबर, अर्थ बरोबर. ऐकणारी आई होती, एवढंच चुकलं. असली चूक मोठ्या बाईंनाही सापडली नसती.

आता तेच सोडून दिलेलं औषध शिरेतून, भरभरून देतायत. आणि किडनीच्या गोळ्या कमी करायच्या म्हणतात, म्हणजे अंगात लढायला बळ येईल.

आई म्हणाली, "कमी केल्या तर किडनीला धोका?"

"थोडा आहे."

"मग नको."

डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा समजावलं. पुन्हा "नको". तिसऱ्यांदा आईने डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग घ्यायला प्राणवायू लागत नाही.

१२ फेब्रुवारी

मावशी आली. आईची धाकटी बहीण. हातात डबा. "शक्तीची पावडर आहे. प्रतिकारशक्ती दुप्पट होते."

"मावशी, तीच तर कमी ठेवायची असते हिची! वाढली तर किडनी हाकलेल."

"आणि कमी ठेवून हे झालं. तुम्हा शिकलेल्यांचं काही कळत नाही बाई."

खरं सांगायचं तर मलाही काही क्षण कळेना. पावडर मात्र परत दिली.

मग मावशीने आवाज खाली आणला. म्हणजे दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल एवढा. "ते एक स्थळ होतं ना, त्यांच्या कानावर गेलंय. एक किडनीची मुलगी म्हणतात."

"मुलाच्या किती आहेत, मोजल्यात का?"

"बघ, ताई, बघ जीभ! परक्याचं धन हे. त्यातलंच काढून घेतलंस तू."

आणि आई, जिला धड बोलवत नव्हतं, उठून बसली. "घेतलं नाही गं! ठेवलंय! जपून ठेवलंय!"

हे कुठून येतं ते आज कळलं. मी परक्याची, म्हणून माझी किडनीही परक्याची. आई सांभाळणारी. लहानपणापासून ऐकतेय हे धन-बिन. आज पहिल्यांदा कळलं की त्याने माणूस मरू शकतो.

मी कुणाचं धन नाही. लिहून ठेवते. कुणाचंही नाही.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरबाई आल्या त्या उभ्याच राहिल्या. म्हणजे बातमी वाईट. रक्तात एक विषाणूही सापडला. बहुतेकांच्या अंगात तो आयुष्यभर झोपून असतो. आईच्या अंगातला जागा झालाय. "एकाला दार उघडं मिळालं की दुसरा मागोमाग येतो. आता विचारत नाही, सांगते — आजपासून त्या गोळ्या अर्ध्या."

बाबा म्हणाले, "जगाची कुलपं उघडून दिली मी. हिचं डोकं तेवढं उघडत नाही."

आई म्हणाली, "बरं. अर्ध्या तर अर्ध्या."

इतकं सरळ 'बरं' आई कधी म्हणत नाही. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. संध्याकाळी उशी झटकली तर अभ्र्याच्या कडेतून गोळी पडली. आणखी एक. किडनीच्याच, अर्ध्यात भर घालायला. अभ्रा घरचा. आतून खिसा, घरीच कधीतरी शिवलेला. टाके बारीक, एकसारखे, हात लावला तरी कळू नये असे. इतका सुंदर खिसा आयुष्यात पाहिला नव्हता. रागाने डोकं फुटायची वेळ आली.

मग भांडण झालं. आठवतं तसं लिहिते.

"मी तुला किडनी दिली, आई. दिली! दिली म्हणजे दिली."

"आई लेकीचं घेत नसते. ठेवून घेते."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी! आता एकावर आहेस तू. उद्या तिला काही झालं तर?" श्वास घेतला. "तर ही आहे ना. परत लावतील तुला. म्हणून नव्यासारखी ठेवायची."

मी खुर्चीत बसले. म्हणजे गेले इतके महिने — तिरकं होऊन दारातून येणं, कुशीवर हात, दुपारची जास्तीची गोळी — ती किडनी वापरतच नव्हती. माझ्यासाठी सांभाळत होती. ट्रंकेत ठेवलेल्या कोऱ्या कापडासारखी.

तसं होत नसतं, आई, असं सांगायला हवं होतं. एकदा बसवलेली काढून परत मला लावत नाहीत. सांगितलंही. तिने ऐकलं नाही. "डॉक्टर लोक सगळं करतात आजकाल." मग मी तिच्याच भाषेत शिरले.

"ठीक आहे. ठेव तर ठेव. ठेव कुणाची असते? ठेवणाऱ्याची की सांभाळणाऱ्याची?"

"ठेवणाऱ्याची."

"अडचण आली तर मुदतीआधी मोडता येते ना?"

"नुकसान होतं."

"होऊ दे. मी मोडतेय. मला किडन्या दोन मिळाल्या होत्या, आई एकच आहे. अडचण आलीय म्हणून मोडतेय."

आईच्या डोळ्यांत पाणी नाही, आग. माझी आईच ती. भिंतीकडे तोंड फिरवलं. "शिकवलं त्याचं फळ. वस्तू तुझी. तू बघ. मला विचारू नकोस."

टोमणा होता. पण मी प्रुफं वाचते. बोललेला शब्द मी सोडत नाही.

१४ फेब्रुवारी

आईला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. झोपेचं औषध देऊन. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यातल्या लहान खोलीत डॉक्टरबाईंनी बाबांना आणि मला बसवलं. तीन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर कुणाचीतरी विसरलेली पाण्याची बाटली.

"अर्ध्या करून भागत नाही. पूर्ण बंद केल्या तर अंगात बळ येईल. तेच बळ किडनीवरही उठेल. एक स्टिरॉइड तेवढं ठेवू, पण किडनी राहील असं मी म्हणणार नाही. गेली तर डायलिसिसवर जगता येतं. चालू ठेवल्या तर—" त्यांनी बाटली बाजूला सरकवली. "माझं मत बंद करावं असं आहे. पण शुद्धीत असताना त्यांनी नको म्हटलं होतं. म्हणून तुम्हाला विचारते. त्यांना काय हवं असेल?"

बाबा म्हणाले, "मला नका विचारू. एकीचा नवरा, एकीचा बाप. कुठल्या तोंडाने बोलू?"

फोनवर मावशी म्हणाली, "किडनी गेली तर ताई तुला जन्मात माफ करणार नाही."

मी कॉलेजात भाषण केलं होतं — माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही ठरवू नये, मग ती बाई असो, म्हातारं असो, आजारी असो. टाळ्या मिळाल्या. पहिलं बक्षीस. आजही मला ते पटतं. आईला विचारलं तर ती काय म्हणेल हेही मला माहीत आहे. तिला किडनी हवी आहे. माझ्यासाठी. म्हणजे ती मेली तरी चालेल, पण माझी वस्तू माझ्यासाठी शाबूत राहावी! आणि ती मेल्यावर वस्तू कुठली? तिच्याबरोबर तीही जाणार. हे कुठलं सांभाळणं?

विचारायचं कुणाला — लेकीचं घ्यायचं नसतं म्हणणाऱ्या आईला, की गोळी मुठीत लपवणाऱ्या बाईला? दोघीही आज बोलत नाहीत.

डॉक्टरबाईंनी सकाळपर्यंत वेळ दिलाय. इतका वेळ मला नको आहे.

१९ फेब्रुवारी

आधी केलं, लिहितेय आज.

पंधरा तारखेच्याच संध्याकाळी डॉक्टरबाईंना गाठलं आणि आईचं शेवटचं वाक्य सांगितलं — वस्तू तुझी, तू बघ, मला विचारू नकोस. जसंच्या तसं, टोमण्यासकट. मी म्हणाले, हा होकार नाही, तिने चिडून म्हटलंय. तरीही बंद करा. जबाबदार मी.

काल ताप गेला. आज लघवीची पिशवी कोरडी. किडनी थांबली.

उद्या श्वासाची नळी काढणार. आवाज आला की आई सगळ्यात आधी किडनीचंच विचारेल. बाबा म्हणतात, दोन दिवस काही सांगू नकोस. मावशी म्हणते, डॉक्टरांवर ढकल.

नाही. खुर्ची ओढून समोर बसणार आणि सांगणार — मी घालवली. आता उठ आणि भांड.